वाणाची पट्टी

तुपात सोडलेला अनारसा विरघळून पसरला, की तो हसला असं म्हणतात. हसलेला अनारसा जावयाला देत नाहीत. तो घरातली पोरं खातात.

*

कोपरच्या शिवसागर इमारतीच्या गच्चीला आता कुलूप असतं. पापड वाळत घालायचे तरी वहीत सही करावी लागते.

*

दारू प्यायलेला माणूस झोकांड्या खात चालतो हे खोटं आहे. तो सरळ चालायचा प्रयत्न करत असतो.

*

इंग्रजी मजकूर मराठीत आणला की तो साधारण सव्वापट होतो. पानाचा आकार मात्र तेवढाच राहतो.

*

मुरबाडच्या पुढे रस्त्यापासून आत एक पांढरा बंगला आहे. दाराशी जास्वंद. खिडक्यांना बाहेरून कड्या.

*

वाण नाकारायचं नसतं.

*

सरोज गोवंडे म्हणजे गोवंडे बाई. डोंबिवली पश्चिमेला, कोपर स्टेशनच्या अलीकडच्या चार गल्ल्यांत नुसतं 'बाई' म्हटलं तरी पुरे. चौतीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी वाण्याने नवी पाटी लावली की तो आधी बाईंच्या चेहऱ्याकडे बघतो आणि मग गिऱ्हाइकाकडे.

दोन वर्षांपूर्वी शिवसागरच्या तिसऱ्या मजल्यावरचा विनीत गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे सापडला. अकरावीतला मुलगा. शेजारी खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या होत्या. घरात कोणाला खोकला आहे का, असं हवालदाराने विचारलं, तेव्हा विनीतची आई म्हणाली, "त्यालाच होता थोडासा," आणि मग तिच्या लक्षात आलं की थोडासा खोकला सात महिने चालला होता. सात महिने ती त्याला गवती चहा करून देत होती.

विनीत बाईंचा विद्यार्थी. तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी बाईंनी जागर मंडळ काढलं. सेक्रेटरी केदार प्रधान. हा आयटीतला माणूस, शनिवार-रविवार समाजाला दिलेला, बोलताना हाताने चौकोन काढणारा. कार्यकारिणीत नऊ बायका. आणि अकरा मुलांचं एक पथनाट्य पथक. केदारची लेक संचिता त्यातच.

पथकातली सगळ्यात गुणी पोरगी सोनल. वय सोळा, दहावी नुकतीच संपलेली. शिवसागरच्या मागच्या बैठ्या चाळीत तिची आई नीला पोळी-भाजीचे डबे करते. मूळची गुहागरकडची माणसं. बाप कधीच गेला, मागे कर्त्या पुरुषाच्या जागी विठ्ठलवाडीचा दगडूमामा. पथनाट्यात सोनल दारुड्याचं काम करायची. वर उल्लेखलेला शोध तिचाच. बाकीची पोरं दारुडा म्हटलं की हात पसरून लटपटायची, सोनल एका न दिसणाऱ्या रेघेवरून नीट, फार नीट पावलं टाकत यायची आणि समोरच्या माणसाला विचारायची, "काका, मी बरोबर चालतोय ना?" आणि हसायला आलेली माणसं गप्प व्हायची. विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर एका बाईने तिला मिठी मारून रडून घेतलं होतं.

"इतकं हुबेहूब कसं जमतं गं तुला?" सगळे विचारायचे.

सोनल खांदे उडवायची. "बघून."

*

किटची कल्पना बाईंचीच. केदारच्या ओळखीच्या एका औषधवाल्याने मंडळाला खोकी पाठवली होती. कागदाच्या पाकिटात एक प्लास्टिकची पट्टी, पाच खिडक्या, लघवीत बुडवली की पाच मिनिटांत कळतं, पोरानं काय घेतलंय आणि काय नाही.

पण द्यायची कशी? एखाद्याच आईच्या हातात ठेवली तर ती आई गल्लीतून उठली. तेव्हा बाईंना सुचलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटायची. वाण सगळ्यांना सारखं असतं. त्यात कोणाकडे बोट नसतं, आणि कोणाला नको म्हणता येत नाही. एकशे चाळीस बायकांना हळदकुंकू, तिळगूळ, हलव्याचे दाणे आणि एकेक किट. सोबत मराठी माहितीपत्रक, बाईंनी स्वतः अनुवादलेलं. 'दोन रेघा म्हणजे निर्दोष. एक रेघ म्हणजे दोष.' हे वाक्य त्यांनी नवऱ्याला, हरिहररावांना, तीनदा वाचून दाखवलं होतं.

संक्रांत गेली, होळी गेली, पाडवा गेला. एकाही घरात एकही पाकीट फुटलं नाही. बायकांनी ती पट्टी स्टीलच्या वाट्या, प्लास्टिकच्या चाळण्या आणि मागच्या वर्षीच्या कुंकवाच्या डब्या ठेवतात तिथे, माळ्यावरच्या पिंपात ठेवून दिली.

"पुढच्या संक्रांतीला तुझंच किट तुला वाण म्हणून येतंय की नाही बघ," हरिहरराव म्हणाले.

"तुम्हाला सगळ्याची थट्टा."

"थट्टा नाही गं. आपल्या घरी आलेल्या चमच्यांच्या सेटचा इतिहास आठव."

बाईंना हसू आलं नाही. मे महिन्यात त्यांनी कार्यकारिणीत सांगितलं, बायका घाबरतात. आधी आपण दाखवायला हवं. आधी आपली मुलं. पथकातल्या अकराही जणांची तपासणी, शिवसागरच्या हॉलमध्ये, आयांच्या समोर. निकाल स्वच्छ येणारच आहे. तो एकदा डोळ्यांनी बघितला की भीती मोडेल.

"निकाल स्वच्छ येणारच आहे तर तपासायचं कशाला?" नीलाने विचारलं होतं. ती सहसा बैठकीत बोलत नसे.

"म्हणूनच तपासायचं, नीला," बाई म्हणाल्या.

*

अधिक महिन्यातला शेवटचा रविवार. चाळीत पहाटेपासून तुपाचा वास. नीलाकडे जावयांच्या वाणासाठी तेहतीस तेहतीस अनारशांच्या ऑर्डरी होत्या, आणि हातभार लावायला सोनल. थापायची सोनल, तळायची नीला. दहा वाजता सोनल तशीच हॉलवर आली, पंजाबी ड्रेसवर पिठाचे ठसे, तोंडात शेवटचा घास.

पन्नासेक बायका प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेल्या. टेबलावर पांढरा कागद, त्यावर पट्ट्या. सोनल हॉललगतच्या बाथरूममध्ये जाऊन कप घेऊन आली. बाईंनी पट्टी बुडवली, कागदावर ठेवली. केदारने मोबाइलवर पाच मिनिटं लावली.

चार खिडक्यांत दोन दोन रेघा उमटल्या. पाचवीत एक.

"एकच आहे," सोनल वाकून म्हणाली. "म्हणजे निगेटिव्ह ना? कोरोनासारखं?"

पुढच्या रांगेतल्या कोणीतरी टाळी वाजवली. अजून दोघींनी वाजवली.

बाईंनी पट्टी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. केदार मागून आला. "कुठली आहे ही?"

"अफूच्या वर्गातली," बाई हळूच म्हणाल्या.

पण चौतीस वर्षं मागच्या बाकापर्यंत पोचवलेला आवाज. त्याला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. टाळ्या थांबल्या.

सोनल हसली. "बाई, मस्करी करताय."

"सोनल, खरं सांग."

"अहो काय खरं सांगू? मी चहापण अर्धा कप पिते."

"पट्टी खोटं बोलत नाही बाळा."

"आणि मी बोलते?" सोनलने सगळ्या खुर्च्यांकडे एकदा बघून घेतलं. "आईशप्पथ बाई, मी काही घेतलेलं नाहीये. परत करा. आत्ता करा. दुसरी पट्टी घ्या."

दुसरी पट्टी घेतली. पुन्हा पाचव्या खिडकीत एक.

नीलाला बोलावणं गेलं. ती ओल्या हातांनी, पदर खोचलेली, धावत आली. "काय झालं? काय केलं हिने?" विनीतच्या आईने उठून तिच्यासाठी आपली खुर्ची पुढे केली, आणि ते बघून नीलाला जे कळायचं ते कळलं.

*

संध्याकाळी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर बाईंनी लिहिलं: 'नाव न घेता सांगते, आज आपल्याच एका लेकीची परीक्षा आहे. तिला दोष नको, आधार हवा.'

खाली त्रेसष्ट हात जोडलेले.

आणि जिन्यात, नळावर, पोळी-भाजीचा डबा परत देताना तोच जुना प्रश्न पुन्हा विचारला जाऊ लागला. इतकं हुबेहूब कसं जमत होतं गं हिला?

*

मंगळवारी दगडूमामा विठ्ठलवाडीहून टेम्पो घेऊन आला. लोखंडी जाळ्या बनवणारा माणूस; बाईंसमोर बसताना खुर्चीच्या कडेवर बसला. "बाई, तुम्ही म्हणाल ते. माझी अक्कल आठवीपर्यंतची."

मुरबाडच्या पुढचं केंद्र बाईंच्या माहितीतलं. त्याचे संचालक एकदा त्यांच्याबरोबर व्यासपीठावर बसले होते. शुद्ध बोलत होते. नव्वद दिवसांचा कार्यक्रम. योग, प्रार्थना, बागकाम. बाईंनीच फोन केला, बाईंनीच जागा मिळवली.

"मी नाही सही करणार," नीला म्हणाली. "माझी पोरगी अशी नाही."

"तायडे, प्रत्येक आईला हेच वाटतं," दगडू म्हणाला. "माझं मूल असं नाही. तिथंच आपण फसतो."

हे वाक्य बाईंच्या भाषणातलं होतं. शब्दाला शब्द. दगडूने ते गणपतीत ऐकलं होतं आणि जपून ठेवलं होतं.

पालक म्हणून दगडूने सही केली. साक्षीदार म्हणून बाईंनी.

टेम्पोत सोनल मधे बसली. शहाडचा पूल गेला, टिटवाळ्याचा फाटा गेला. मुरबाडच्या अलीकडे तिने विचारलं, "बाई, सव्वीस तारखेला माझं काम कोण करणार?"

सव्वीस जून हा अमली पदार्थविरोधी दिन. मंडळाचा वर्षातला मोठा कार्यक्रम.

"ते बघू आम्ही. तू बरी हो."

"संचिताला सांगा, लटपटू नको म्हणावं."

*

शनिवारी बाई माहितीपत्रक नव्याने लिहायला बसल्या. सव्वीस तारखेसाठी या खेपेला मोठं पान होतं, दोन्ही बाजूंनी छपाई. जागा भरपूर. म्हणून त्यांनी मूळ इंग्रजी घडीपत्रक काढलं, जानेवारीत गाळलेलं काही घालता येईल का बघायला.

शेवटच्या परिच्छेदावर त्यांच्याच लाल पेनची तिरकी रेघ होती. परिच्छेद असा होता: पॉपी सीड्स लावलेला पाव, बेगल किंवा केक खाल्ल्यास अफूवर्गीय पदार्थांची चाचणी चुकीने दोष दाखवू शकते. असा निकाल आल्यास प्रयोगशाळेतून खात्री करून घ्यावी.

त्यांना ती दुपार आठवली. पान लहान, वर प्रमुख पाहुण्यांचा फोटो, खाली मंडळाचं बोधचिन्ह, आणि मजकूर चार ओळींनी जास्त. काय गाळावं? हा परिच्छेद वाचून त्या मोठ्यांदा हसल्या होत्या. "बेगल म्हणे. डोंबिवलीत कोण खातंय बिया लावलेला पाव!" आणि रेघ मारली होती.

त्यांना पॉपी सीड्स म्हणजे काय ते ठाऊक होतं. त्या दुपारीही ठाऊक होतं. फक्त तो शब्द त्यांच्या डोळ्यांपुढे परदेशातल्या पावावरच बसून राहिला होता, उठून आपल्या स्वयंपाकघरात आला नव्हता.

समोर हरिहरराव वर्तमानपत्र वाचत अनारसा खात होते. नीलाकडचा, डब्यातला शेवटचा. बशीभर खसखस सांडली होती.

"काय झालं?" हरिहरराव म्हणाले. "अगं, काय झालं? पाणी आणू का?"

बाईंनी सुनेला फोन लावला. देवयानी डॉक्टर, ठाण्याला कोपरीत तिचा दवाखाना.

"हो आई, होतं असं. खसखस फार पोटात गेली तर साध्या किटवर दिसू शकतं. म्हणून तर लॅबमध्ये कन्फर्म करतात." मग, "केलंत ना तुम्ही कन्फर्म?"

"आता केलं तर?"

"आता सहा दिवस झाले. आता काहीच येणार नाही. आणि काही न येणं हा पुरावा होत नाही हो, तिने खसखस खाल्ली होती का दुसरं काही."

थापताना हातावर घ्यायची मूठमूठ खसखस. हसलेले अनारसे. पहाटेपासून दहा वाजेपर्यंत. बाईंना ती पोरगी हॉलच्या दारातून येताना दिसत राहिली, तोंडातला घास गिळत.

*

केदार लगेच आला. सगळं ऐकून घेतलं. त्याला धक्का बसला, हे खरं. मग त्याने हवेत एक चौकोन काढला.

"बाई, सव्वीसनंतर."

"काय सव्वीसनंतर?"

"सांगायचं ते. बघा, या आठवड्यात तुम्हाला किती आयांचे फोन आले?"

तीन आले होते. दोन वर्षांत पहिल्यांदा. तिघींनी माळ्यावरून पिंप उतरवलं होतं. एकीला मुलाच्या दप्तराच्या अस्तरात गोळ्या सापडल्या होत्या. ती फोनवर बोलत नव्हती, नुसती श्वास घेत होती, आणि बाई म्हणत होत्या, मी आहे, मी आहे.

"तुम्ही आता म्हणालात, किट चुकलं, मीच चुकले, तर त्या तिघी फोन ठेवतील. पुन्हा कोणी पाकीट फोडणार नाही. विनीतसाठी आपण हे सुरू केलं ना?"

"आणि सोनल?"

"तिला तिथे काय त्रास आहे बाई? योगा करतात, झाडं लावतात. आठ दिवसांत काय आभाळ कोसळणार आहे?"

बाईंनी ऐकलं. कोणी त्यांचा हात धरला नव्हता, कोणी गळ घातली नव्हती. दार उघडं होतं, फोन टेबलावर होता, नीलाचं घर जिना उतरून शंभर पावलांवर होतं. त्या म्हणाल्या, "बरं. सव्वीसनंतर."

*

सव्वीस तारखेला स्टेशनबाहेर पथनाट्य झालं. संचिता हात पसरून लटपटली. लोक पोट धरधरून हसले.

बाई बारा मिनिटं बोलल्या. छान बोलल्या.

*

सत्तावीसला त्या नीलाकडे गेल्या आणि सगळं सांगितलं, उंबऱ्यात उभ्या राहून. नीला परातीत पीठ मळत होती. ती मळतच राहिली.

"कधी कळलं?"

"शनिवारी."

"आजचा शनिवार?"

"नाही. गेला."

नीलाने हात धुतले, दाराला कुलूप लावलं. दोघी एसटीने मुरबाडला गेल्या आणि तिथून रिक्षाने आत. पांढऱ्या बंगल्याच्या फाटकाशी एका माणसाने त्यांना वहीतला नियम दाखवला. पहिले पंचेचाळीस दिवस भेट नाही. आणि पेशंटला सोडायचं तर ज्याने सही केली त्याने यायला हवं.

"मी आई आहे तिची," नीला म्हणाली.

"सही तुमची आहे का?"

बाई पुढे झाल्या. आपलं नाव सांगितलं, संचालकांना बोलवा म्हणाल्या. संचालक बाहेर आले, नमस्कार केला, सगळं ऐकून घेतलं आणि हसले. तेच शुद्ध बोलणं. "बाई, या क्षेत्रात तुम्ही आमच्या गुरू. पण सुरुवातीला प्रत्येक घर असंच एखादं कारण घेऊन येतं. कोणी म्हणतं खोकल्याचं औषध, कोणी म्हणतं प्रसाद. खसखस मात्र पहिल्यांदाच ऐकली."

आत कुठेतरी कोणी ओरडत होतं. नीलाने मान वळवली. "सोनू?" तिने हाक मारली. ओरडणं थांबलं. फाटक लागलं.

मग दगडू. विठ्ठलवाडीच्या गाळ्यात वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवून त्याने बाईंचं ऐकलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई, तुमचं काळीज मोठं. मायेपोटी बोलताय तुम्ही. पण तुम्हीच म्हणाला होता, आपल्या माणसाची कीव आली की समजावं व्यसन जिंकलं."

"अरे दगडू, मी चुकले! ऐक माझं, मी चुकले!"

"असं नका म्हणू बाई. तुम्ही चुकलात तर आम्ही कोणाकडे बघायचं? नव्वद दिवस होऊ द्या."

"पोलिसांत जाऊ आपण," बाई नीलाला म्हणाल्या.

नीला रस्त्याकडे बघत होती. "आणि त्यांना काय सांगू? दोनदा पट्टी लावली, दोनदा आली. खसखस मीपण खाल्ली होती." मग, "बाई, एक विचारू? ती बाहेर कुठं काही... तुम्हाला तरी नक्की ठाऊक आहे का?"

*

गटावर बाईंनी दीड पानी निवेदन टाकलं. नाव घेऊन. सोनल निर्दोष आहे, माहितीपत्रकातला मजकूर मी गाळला, ती भोगते आहे ती माझी शिक्षा. एकही विशेषण जास्त नाही.

'किती मोठं मन बाई 🙏'

'अशी शिक्षिका होणे नाही'

'पोरीचं नाव सांभाळायला स्वतःवर घेतलं. शिका लोकहो'

'🙏🙏'

'बाई पण मग अनारसे बंद करायचे का?'

त्यांनी आयुष्यभर जे काही कमावलं होतं ते सगळं त्या सकाळी हॉलमध्ये एका पोरीच्या अंगावर ओतून झालं होतं. आता परत घ्यायला गेल्या तर हातात काही येईना. पट्टीवर लोकांचा विश्वास बसला तो बाईंमुळे. आणि बाईंवरचा विश्वास इतका गाढ, की त्यातून बाईंनाही बाहेर पडता येत नव्हतं.

ज्या तीन आयांनी फोन केले होते, त्यांतल्या दोघींनी नंतर फोन उचलला नाही. खसखस, असं त्यांनी घरी सांगून टाकलं असावं. ते सोपं होतं.

पुढच्या माहितीपत्रकात केदारने एक ओळ वाढवली: 'तपासणीआधी तीन दिवस अनारसे खाऊ नयेत.'

*

गणपतीच्या आठवड्यात सोनल घरी आली. अंगाने भरली होती, चेहरा सुजल्यासारखा. कॉलेजचे प्रवेश संपले होते. चाळीतल्या गणपतीसमोर आरतीला उभी राहिली आणि आरती संपायच्या आत भिंतीला टेकून झोपली.

बाई भेटायला गेल्या तेव्हा त्यांनी दारातच हात जोडले. सोनल म्हणाली, "बसा ना बाई." राग नाही, रडणं नाही. तो न दिसलेला राग बाईंनी घरी नेला आणि त्याच्यासोबत झोपल्या.

मग नवरात्रापासून सोनल दुपारची बाईंकडे येऊ लागली. नुसती यायची, सोफ्यावर बसायची. हरिहरराव तिला शब्दकोड्यातले अडलेले शब्द विचारायचे. तिला यायचे नाहीत, पण ती ऐकून घ्यायची. बाई कॉफी करायच्या, पूर्ण कप. त्यांना वाटलं, पोरगी येतेय म्हणजे तिने माफ केलं. त्या दुपारच्या दोन वाजायची वाट बघू लागल्या. तिला बाहेरून बारावीला बसवायचं, फॉर्म आणायचा, मराठी आपण घ्यायचं, असं सगळं मनात मांडू लागल्या.

एकदा तिने आपण होऊन सांगितलं. "तिथे रात्री सगळ्यांना एक गोळी द्यायचे. ओरडलं की दोन. मी पहिले बारा दिवस खूप ओरडले. लॅबमध्ये तपासा म्हणून. मग नाही ओरडले, तरी दोनच द्यायला लागले. सवय झाली म्हणाले."

बाईंनी बोटांवर मोजलं नाही. मोजायची गरज नव्हती. त्या शनिवारपासूनचे आठ दिवस त्या बारात पूर्ण मावत होते.

दिवाळीच्या तोंडावर हरिहरराव म्हणाले, "अगं, माझ्या झोपेच्या गोळ्या या महिन्यात लवकर संपत आल्यात. मी विसरून दोनदा घेतो की काय?"

बाईंनी औषधाचा डबा उघडला. पाकिटात पट्टी होती, आणि पट्टीत सहा खळगे जास्तीचे फुटलेले. हरिहररावांच्या सवयीप्रमाणे एका टोकापासून ओळीने नव्हेत. मधूनमधून, कोणाच्या लक्षात येऊ नये असे.

दुपारी सोनल आली. हरिहरराव आत आडवे झाले होते. बाई समोर बसल्या.

"सोनल, खरं सांग."

सोनलने सांगितलं. लगेच. "हो, घेतल्या मी. सहा. दोन आईच्या डब्याच्या पिशवीत आहेत, बाकीच्या संपल्या. काकांना नका सांगू."

बाईंना जे सत्य त्या रविवारी हवं होतं ते आता समोर होतं, विनासायास, मागितल्याबरोबर. त्यांच्या फोनमध्ये अकरा केंद्रांचे नंबर होते. हेल्पलाइन होती. समुपदेशकांची यादी होती, त्यांनीच केलेली, शुद्धलेखन तपासलेली. देवयानीला विचारता आलं असतं. पण देवयानी विचारणार, कोणी लावली ही सवय? आणि नीलाला सांगायचं तर पुन्हा एकदा त्याच उंबऱ्यात उभं राहून, पुन्हा तेच वाक्य म्हणायचं, तुझी पोरगी घेते. या खेपेला ते खरं असणार होतं, आणि नीला त्यावर विश्वास ठेवणार होती की नव्हती, दोन्हींतलं काय जास्त वाईट ते बाईंना ठरवता येईना.

"तुला... मदत हवी का बाळा?"

सोनल त्यांच्याकडे बघत राहिली. डोळे जड होते पण बघणं स्वच्छ होतं. "परत तिकडे?"

"नाही. नाही, तिकडे नाही."

"मग कुठे?"

बाहेर कोणीतरी कंदिलासाठी वायर ओढत होतं. "अजून ढील दे, अजून," असं खालून ओरडत होतं.

सोनल उठली. चपला घातल्या. दारापर्यंत गेली, नीट, एकेक पाऊल टाकत, फार नीट. वळून म्हणाली, "उद्या येऊ का बाई?"

बाईंच्या मुठीत ती पट्टी होती. घट्ट धरल्याने तिच्या कडा तळव्यात रुतल्या होत्या. नको म्हटलं तर ही दुपारी दोन वाजता कुठे जाईल, कोणाच्या गच्चीवर, हे त्यांना दिसत होतं. ये म्हटलं तर काय होईल तेही दिसत होतं.

"ये," त्या म्हणाल्या.

*

त्या रविवारी हॉलमध्ये सोनलनंतर उरलेल्या दहा मुलांची तपासणी झाली नाही.